मदत हवी आहे: विद्यापीठात २८ तारखेला काय काय असतं? उद्या सकाळपर्यंत हवं

पाटीपेन्सिल (रात्री ८.१०)
नमस्कार. विद्यापीठात २८ फेब्रुवारीला कोणते कार्यक्रम असतात, किती वाजता, आत कसं जायचं, हे कुणी नीट सांगेल का? व्हॉट्सॲपवर तीन पत्रकं आली, तिन्ही जुनी निघाली. उद्या अकराच्या आत कागद द्यायचा आहे आणि त्यात वेळापत्रक लागतं. गाडीवाला आज रात्रीच ॲडव्हान्स मागतोय. ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनीच लिहा, पण लवकर लिहा.

औंधरस्ता (८.२२)
कोणतं विद्यापीठ? पुण्यात आता विद्यापीठं बरीच झाली आहेत. आणि जाणार कोण, किती जण?

पाटीपेन्सिल (८.२५)
गणेशखिंडीतलं. पुण्यात नुसतं विद्यापीठ म्हटलं की तेच ना? मुलं आहेत.

औंधरस्ता (८.२७)
मुलं म्हणजे घरची दोन की शाळेची शंभर? सर, त्यावर सगळं अवलंबून आहे. कागद कुणाला द्यायचाय तेही सांगा.

जुनीवास्तू (८.४१)
विद्यापीठात जाताच आहात तर मुख्य इमारत अजिबात चुकवू नका. ती मुळात मुंबईच्या गव्हर्नरांचं पावसाळी निवासस्थान म्हणून १८६०च्या दशकात बांधायला घेतली. पुढे १० फेब्रुवारी १९४९ला पुणे विद्यापीठ स्थापन झालं. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मु. रा. जयकर, ग्रंथालयाला त्यांचंच नाव आहे. आवार ४११ एकरांचं. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं. मुलांना त्या मनोऱ्याखाली उभं करून एवढं सांगितलं तरी सहल सार्थकी लागेल. मी स्वतः १९८३ ते ८५ तिथे होतो, त्या वडांच्या सावलीत बसून अभ्यास केलाय. तेव्हा एवढी वाहनं नव्हती.

पाटीपेन्सिल (८.५०)
माहितीबद्दल आभार, पण मला आत्ता वेळा हव्या आहेत. जिल्हा परिषदेची शाळा आहे, वेल्ह्याच्या पलीकडे. पाचवी ते सातवी मिळून ३८ मुलं. कागद गटशिक्षणाधिकारी कार्यालयात द्यायचा, सहलीच्या परवानगीचा. आणि मी सर नाही, बाई आहे.

लंबक (९.०४)
बाई, आधी एक गोंधळ सोडवू. तुम्ही जो २८ फेब्रुवारीचा कार्यक्रम शोधताय तो बहुधा विद्यापीठाचा नाही, आयुकाचा आहे. आयुका म्हणजे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र, विद्यापीठाच्या आवारातच आहे, पण संस्था वेगळी. १९८८ साली सुरू झाली, जयंत नारळीकर पहिले संचालक. म्हणून विद्यापीठाच्या नावाने शोधलंत की काही हाती लागत नाही.

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच तारखेला रामन परिणामाचा (पदार्थातून विखुरताना काही प्रकाशाचा रंग किंचित बदलतो, त्याचा) शोध लागला, आणि १९८७पासून हा दिवस देशभर साजरा होतो. त्या दिवशी आयुका सर्वांसाठी खुली असते. व्याख्यानं, प्रयोग, शास्त्रज्ञांना प्रश्न विचारणं असं बरंच काही असतं. नेमक्या वेळा त्यांच्या संकेतस्थळावर कार्यक्रम जवळ आला की येतात. तोवर कागदावर 'सकाळी आगमन, प्रदर्शन व प्रयोग, दुपारी डबा, परत' असं लिहा. कार्यालयाला निघायची नि परत यायची वेळ महत्त्वाची असते, मधलं कुणी तपासत नाही.

एक सांगतो, मनापासून. तिथला फुकोचा लंबक दाखवाच. लंबक आपल्या ठरलेल्या रेषेत झुलत राहतो आणि त्याच्या खालची पृथ्वी फिरते, म्हणून झुलण्याची दिशा हळूहळू वळलेली दिसते. ध्रुवावर एक फेरी साधारण २४ तासांत होईल, आपल्या पुण्याच्या अक्षांशावर जवळजवळ ७५ तास लागतात. म्हणजे तासाला पाच अंशांना जरा कमी. आल्या आल्या मुलांना दिशा बघून वहीत रेघ मारायला सांगा आणि डबा खाऊन झाल्यावर पुन्हा न्या. पुस्तकात 'पृथ्वी फिरते' वाचणं आणि डोळ्यांनी बघणं यात फार अंतर आहे.

खोडदकर (९.१५)
आयुकाला कशाला? गर्दीत डोकी मोजण्यातच दिवस जाईल. खोडदला या. जीएमआरटी, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी मोठी दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी, त्यातल्या १४ मध्यभागी एकमेकींच्या जवळ, बाकीच्या तीन हातांसारख्या लांब पसरलेल्या. विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं आणि आमच्या भागातल्या शाळांची मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात. खेड्यातल्या मुलांना खेड्यातलीच मुलं प्रयोग सांगताना दिसतात, हे पुण्यात मिळणार नाही. आमच्या शेतांच्या मधोमध खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी हे उभं केलं. फक्त मोबाईल बंद ठेवावे लागतात, दुर्बिणीला त्रास होतो.

औंधरस्ता (९.१९)
वेल्ह्याच्या पलीकडून नारायणगावच्या पुढे? एका बाजूने सव्वाशे किलोमीटरच्या वर होईल. पाचवीची पोरं आहेत, दादा.

खोडदकर (९.२३)
पहाटे पाचला निघायचं. आम्ही नाही का लहानपणी पहाटे उठून पंढरपूरला जायचो.

लंबक (९.२६)
खोडदचं काम मोठंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण बाईंनी विचारलंय गणेशखिंडीचं.

मावळती (९.३८)
मी दोनदा मुलं घेऊन अशा खुल्या दिवसाला गेले आहे (कुठे ते लिहीत नाही). पहिल्या वेळी ६० मुलं आणि आम्ही तिघी. एका टेबलाशी पाचजण पुढे जायचे, मागच्यांना फक्त पुढच्यांची पाठ दिसायची. एक मुलगा दुसऱ्याच शाळेच्या रांगेत जाऊन उभा राहिला, गणवेश सारखा होता म्हणून. वीस मिनिटं माझ्या जिवात जीव नव्हता. तेव्हापासून दहा मुलांमागे एक मोठं माणूस आणि प्रत्येक गटाला वेगळ्या रंगाची रिबीन, याशिवाय मी निघत नाही.

माझा सल्ला, २८ सोडा. आयुकात शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं असतात, ती विचारा. नाहीतर मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे तिथेच, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून झालेली. आधी पत्र पाठवून वेळ घेतली तर मुलांच्या हाताला वस्तू लागतात. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणं हे तिथलं खरं काम.

लंबक (९.४४)
ती व्याख्यानं साधारण आठवी ते दहावीसाठी असतात, बाईंची पाचवी ते सातवी आहे. शोधिकेचं मात्र पटलं. पण खुल्या दिवसाची मजा वेगळी आहे हो. शास्त्रज्ञ स्वतः समोर उभे असतात. पाचवीतल्या मुलीने 'कृष्णविवरात पडलं तर दुखेल का' असं विचारलं आणि तिला दहा मिनिटं उत्तर मिळालं, हे मी पाहिलंय.

मावळती (९.४७)
एका मुलीला मिळालं. बाकी ५९ जणांचं काय?

सावलीशोध (९.५५)
माझं मत वेगळं. सहलच काढू नका. मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर. एक पाईपचा तुकडा उभा करा, सावली गायब होते. खर्च शून्य, प्रवास शून्य. आणि तारे बघायचे तर तुमचं आकाश पुण्यापेक्षा कितीतरी काळं आहे. फेब्रुवारीअखेर संध्याकाळी मृग, व्याध, कृत्तिका सगळं वर असतं. पुण्यातून आम्हीच तुमच्याकडे यायला हवं.

औंधरस्ता (९.५८)
मेमध्ये सुट्टी असते.

सावलीशोध (१०.०१)
मुलं गावातच असतात ना. जुलैच्या शेवटी पुन्हा एकदा येतो तो दिवस, पण तेव्हा ढग.

कवितेचीवही (१०.०३)
धागा विद्यापीठाचा आहे म्हणून विचारते, २७ला मराठी भाषा गौरव दिन आहे, कुसुमाग्रजांची जयंती. मराठी विभागात बाहेरच्यांना कविता वाचता येते का? मी दोन वर्षं विचारते आहे.

जुनीवास्तू (१०.०९)
आमच्या वेळी येत असे. विभागात जाऊन भेटा, फोनवर असली कामं होत नाहीत. कविता कागदावर लिहून न्या.

पाटीपेन्सिल (१०.१४)
सगळ्यांचे आभार, पण मी नीट लिहिलं नाही हे आता लक्षात आलं. विज्ञान हे निमित्त आहे. विज्ञान दिन म्हटलं की परवानगी लवकर मिळते म्हणून २८.

आमची शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल सात किलोमीटरवर, मध्ये ओढा आणि निम्मा रस्ता रानातला. मागच्या वर्षी सातवीतून सात मुली बाहेर पडल्या, त्यातल्या तिघी आता घरी आहेत. एक माझ्या डोळ्यांदेखत गुरं वळते. यंदा सातवीत नऊ मुली आहेत. परवा वर्गात विचारलं, कॉलेज कसं असतं? एक म्हणाली, मोठी शाळा. दुसरी म्हणाली, तिथे फक्त पोरं असतात.

मला त्यांना दुर्बीण दाखवायचीच आहे, लंबकही दाखवीन, रेघही मारायला लावीन. पण त्याआधी मला त्यांना पाठीला सॅक लावून हसत बोलत चाललेल्या मुली दाखवायच्या आहेत. झाडाखाली वाचत बसलेल्या. त्या मुली खेड्यातून आलेल्या असतील तर आणखी बरं. तेवढ्यासाठी विद्यापीठ हवं आहे, आणि म्हणून सहल रद्द करून गावात पाईप उभा करून माझं काम होत नाही. आता सांगा, कुठे नेऊ, किती वाजता?

मावळती (१०.२०)
हे आधी सांगायचं होतं हो. मग २८लाच जा. पण सकाळी लवकर पोचा, गर्दी वाढायच्या आत आयुका उरका आणि नंतरचा वेळ आवारात द्या. मी उगाच शनिवारावर अडून बसले.

सावलीशोध (१०.२२)
माझंही मागे घेतो. पाईप मेमध्ये उभा करू, मी येतो.

कानंदखोरं (१०.३१)
बाई, मी आपल्याकडचीच आहे, कानंद खोऱ्यातली. विद्यापीठात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते, कमवा आणि शिका योजनेत सकाळी काम करते. धागा नुसता वाचत होते, पण तुमचं वाचून राहवलं नाही.

मी आठवीला रोज सहा किलोमीटर चालले. आमच्या वर्गातल्या चौघींपैकी मी एकटी दहावीला बसले, कारण आत्याने घरी भांडण केलं. विद्यापीठात पहिल्यांदा आले तेव्हा फाटकाच्या आत पाऊल टाकायलाही भीती वाटली होती. कुणीतरी विचारील, तू इथे कशाला, असं वाटायचं. कुणी विचारलं नाही.

मी आणि माझ्या दोन मैत्रिणी (एक नंदुरबारची, एक अहेरीची) त्या दिवशी तुमच्याबरोबर राहू. वसतिगृहात मुलांना न्यायला लेखी परवानगी लागते, ते मी विचारून सांगते, पण त्याच्या भरवशावर राहू नका. मुख्य इमारतीजवळ सावित्रीबाईंचा पुतळा आहे, २०२२ मध्ये बसवलेला. तिथे भेटू. मग जयकर ग्रंथालय बाहेरून, मग आमच्या विभागाचा वर्ग. वर्गाचं मी उद्या सकाळीच सरांना विचारते. मुलींना बाकावर बसवू, मी फळ्याशी उभी राहीन आणि त्यांना काय विचारायचं ते विचारू दे.

पाटीपेन्सिल (१०.३६)
बाळा, तुझं हे मी तीनदा वाचलं. हायस्कूलला कुठून जायचीस? नको, इथे लिहू नकोस, मला व्यक्तिगत निरोप कर.

औंधरस्ता (१०.४२)
आता गाडीचं. बाई, खासगी गाडीवाल्याला ॲडव्हान्स देऊ नका. शैक्षणिक सहलीला एसटीत ५० टक्के सवलत असते. मुख्याध्यापकांचं पत्र आणि मुलांची यादी घेऊन उद्याच जवळच्या आगारात जा. सहलीचा हंगाम आहे, गाड्या लवकर संपतात. पालकांची संमतीपत्रंही आजपासूनच गोळा करा, तीही विचारतात.

रस्ता: नसरापूरवरून हायवेला लागा, कात्रजच्या नव्या बोगद्यातून वारजे, चांदणी चौक, तिथून पाषाण रस्त्याने विद्यापीठ चौक. शहरातून स्वारगेटमार्गे येऊ नका. विद्यापीठ चौकात सकाळी नऊ ते अकरा फार कोंडी होते, म्हणून साडेआठच्या आत पोचायचं. म्हणजे सहाला निघणं.

मावळती (१०.४६)
आणि ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या बाकांवर. आवळासुपारी ठेवा, पिशव्या ठेवा. सकाळी दूध देऊ नका म्हणावं घरच्यांना. डब्यात चपाती आणि कोरडी भाजी.

खोडदकर (१०.५१)
पुढच्या वर्षी तरी खोडदला आणा. राहायची सोय माझ्या घरी करतो, ३८ काय ५० येऊ देत. ओसरी मोठी आहे.

लंबक (१०.५८)
बाई, कागदासाठी मसुदा देतो, उतरवून घ्या. सकाळी ६ प्रस्थान. ८.३० विद्यापीठ आवारात आगमन. ९ ते १० विद्यापीठ परिसर व ग्रंथालय परिचय. १० ते १२.३० विज्ञान दिन, आयुका. १२.३० ते १.१५ भोजन. १.१५ ते २.१५ विद्यार्थिनींशी संवाद. २.३० परतीचा प्रवास. ५.३०पर्यंत शाळेत. खाली एक ओळ घाला, 'कार्यक्रमाच्या वेळेत आयोजक संस्थेनुसार बदल संभवतो.' आणि आयुकाला आजच मेल टाकून शाळेचं नाव, इयत्ता आणि संख्या कळवा. एवढ्या मुलांना घेऊन न सांगता जाऊन उभं राहू नये.

पाटीपेन्सिल (११.१०)
उतरवून घेतलं. मेलही आत्ताच टाकला. गाडीवाल्याला नको म्हणून कळवलं. उद्या आधी कार्यालय, मग आगार.

बरोबर मोठी माणसं चार होतील. आम्ही दोघी शिक्षिका, स्वयंपाकाच्या मावशी, आणि त्या घरी बसलेल्या मुलीच्या आईला विचारणार आहे, बरोबर येता का म्हणून. मुलीलाही घेऊन या म्हणेन. पटावर नाही ती, पण कागदावर संख्या ३९ लिहिते.

कानंदखोरं (११.१४)
बाई, तिला माझ्या शेजारी बसवा.