मदत हवी आहे: पाच क्यूबिटचा कोड लावला की निकाल आणखी बिघडतोय

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट क्वांटम संप्रेषणातल्या त्रुटी-दुरुस्तीचा. चार दिवस एकाच आकड्यापाशी अडकलेय आणि सर चवथीला गावी गेलेत, म्हणून इथे विचारते.

उदाहरणाला रोजचाच रस्ता घेतला: मडगाव ते पणजी, कदंबाची शटल धावते तो. साधारण 33 किलोमीटर. रस्त्याच्या कडेने ऑप्टिकल फायबर गेली आहे असं धरलं. प्रकाश 1550 नॅनोमीटरचा, घट किलोमीटरला 0.2 डेसिबल. एकूण 6.6 डेसिबल, म्हणजे 100 फोटॉन सोडले तर पणजीला जेमतेम 22 पोचतात.

एका क्यूबिटची (क्वांटम माहितीचं एकक; इथे एक फोटॉन म्हणजे एक क्यूबिट) माहिती पाच क्यूबिटांत गुंफणारा 1996 चा कोड घेतला. कुठली चूक कुठे झाली हे माहीत नसेल तर तो एकाच क्यूबिटची चूक सुधारतो, पण कोणते फोटॉन हरवले ते कळलं तर दोन हरवले तरी चालतात. इथे हरवलेले कळतात असं मी धरलंय (न मोजता ते कळणं हे वेगळंच दुखणं, ते तूर्त बाजूला). मला वाटलं, फायदाच फायदा. पाचांतले किमान तीन पोचण्याची शक्यता काढली, निकाल आला 7.4 टक्के! कोडशिवाय 22 आणि कोड लावून 7. पायथनमध्ये परत लिहिलं, वहीवर हाताने केलं, तोच आकडा.

माझं कुठे चुकतंय? याहून मोठा कोड घेतला तर जमेल का? आणि क्वांटम किल्ली (फोटॉन पाठवून दोन टोकांना मिळणारी गुप्त संदेशांची किल्ली) शंभर किलोमीटर जाते म्हणतात ती मग कशी?

प्रतिसाद: काजूबोंडू
एकाच क्यूबिटच्या तीन प्रती पाठव, एखादी तरी पोचेल. एवढं डोकं कशाला?

धागाकर्ती
प्रत काढता आली असती तर हा विषयच उरला नसता. अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत निघत नाही, हे वुटर्स-झुरेक आणि डीक्स यांनी 1982 सालीच दाखवलंय.

प्रतिसाद: जुवारीकाठ
बाय, तुझं गणित चोख आहे. प्रोग्राम पुसू नकोस गो. चूक आहे ती अपेक्षेत.

काजूबोंडूंना जे उत्तर दिलंस तेच तुझ्या प्रश्नाचंही आहे. समज, असा कोड आहे की निम्मे फोटॉन हरवले तरी उरलेल्या निम्म्यांतून मूळ अवस्था परत मिळते. आता जुवारीच्या पुलाखाली एक पागी (मासे पकडणारा) होडी घेऊन बसलाय आणि हरवलेले सगळे त्याच्या जाळ्यात पडतायत. त्याच्याकडेही निम्मे आहेत. मग मूळ अवस्था त्यालाही मिळेल आणि पणजीलाही. झाल्या ना दोन प्रती? म्हणून असा कोड असूच शकत नाही, पाचाचा घे नाहीतर पाच हजारांचा. तुझी घट 78 टक्के. पागी तुझ्यापेक्षा श्रीमंत आहे.

निम्मे म्हणजे 3 डेसिबल, तुझ्या फायबरवर 15 किलोमीटर. पाचाच्या कोडचं नशीबही नेमकं तिथेच फिरतं: घट 50 टक्के असेल तर यशही बरोबर 50 टक्के, ना नफा ना तोटा. त्याच्या पुढे कोड उलटतो.

किल्लीचं प्रकरण निराळं. तिथे हरवलेला फोटॉन सोडून देतात, पोचलेल्यांतूनच किल्ली तयार होते. जपायचं असं आत काही नसतं. तुला मात्र एक विशिष्ट क्यूबिट पोचवायचाय. तेव्हा एक तर वाटेत दुरुस्ती करून पुढे पाठवणारी स्टेशनं टाक, नाहीतर आधी परस्परांशी गुंतलेल्या (एंटँगल्ड) फोटॉनांच्या जोड्या पोचेस्तोवर पुन्हापुन्हा पाठव आणि मग टेलिपोर्टेशन कर, म्हणजे त्या जोडीच्या मदतीने क्यूबिटची अवस्था पलीकडे उमटव. दुसऱ्या वाटेत दोन्ही टोकं फोनवर बोलू शकतात, म्हणून वरची 50 टक्क्यांची अट तिथे लागत नाही.

धागाकर्ती
देव बरें करूं! पागी डोक्यातून जाणार नाही आता.

लगेच स्टेशनं टाकून पाहिली. आधी मध्यावर एकच, कुठ्ठाळीकडे. 16.5 किलोमीटरचे दोन टप्पे, दर टप्प्याला घट 53 टक्के. निम्म्याच्या जरा पुढे, म्हणून एकूण 19 टक्केच. अजूनही तोटा. मग दोन स्टेशनं, ढोबळमानाने वेर्णा आणि आगशी, 11 किलोमीटरचे तीन टप्पे. दर टप्प्याला 60 टक्के फोटॉन टिकतात, कोडसह यश 69 टक्के, तिन्ही मिळून 32 ते 33. 22 च्या वर! पहिल्यांदाच कोडने काही कमावलं.

प्रतिसाद: जुवारीकाठ
झकास. पण प्रत्येक स्टेशनवर उलगडून, दुरुस्त करून परत गुंफायचंय, आणि ती यंत्रं बिनचूक आहेत असं तू गुपचूप धरलंस. परीक्षक तिथेच धरतील.

धागाकर्ती
हो, धरलंय. दर स्टेशनला 1 टक्का चूक घालून बघते. आत्ता वीज गेलीये आणि लॅपटॉप नऊ टक्क्यांवर.