आईच्या हाताची डॉप्लर सोनोग्राफी करायची का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, राळेगावकडचे. आई ५४ वर्षांची, चार वर्षांपासून संधिवात आहे, रक्तातल्या संधिवाताच्या तपासण्या, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, दोन्ही पॉझिटिव्ह. संधिवाताचं औषध मेथोट्रेक्सेट दर रविवारी, आठवड्यातून एकदाच, सोबत फॉलिक अ‍ॅसिड, एकही खाडा नाही. मागच्या महिन्यात ईएसआर, सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या) नॉर्मल आले, डॉक्टर म्हणाले रोग कंट्रोलमध्ये आहे.

पण घरी वेगळंच दिसतं. सकाळी दीड तास मूठ वळत नाही, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून पिते. वेचणीत बोंडातून कापूस ओढायला अंगठा आणि दोन बोटं लागतात ना, तीच बोटं धरत नाहीत, सोबतच्या बाया पऱ्हाटीची ओळ संपवून परततात तेव्हा ही अर्ध्यावर असते. म्हणते, "हात माह्याच हाये, पन माह्यं आयकत नाही." ऐकून लय वाईट वाटतं.

डॉक्टरांना पुन्हा फोन केला तर म्हणाले हाताची डॉप्लर सोनोग्राफी करून घ्या. जवळच्या सेंटरवाल्यानं सांगितलं आम्ही पोटाची अन् गरोदर बायांचीच करतो. म्हणजे नागपूर. बाबा म्हणतात, "रिपोर्ट चांगले हायेत तं कायले पैसे घालवतं?" तर रक्त नॉर्मल असून सोनोग्राफीत सूज निघू शकते का? आणि हात कामाला किती चालेल हे त्यात कळतं का? कोणी केली असेल तर सांगा प्लीज.

उत्तर:
दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे. हो, निघू शकते. सांध्याच्या आतलं अस्तर जाड झालं की साध्या सोनोग्राफीत दिसतं, आणि तिथं रक्त जास्त खेळत असेल तर डॉप्लरमध्ये रंग येतो, म्हणजे जळजळ अजून चालू आहे. मनगट, बोटांची मुळं आणि मधले सांधे बघतात, पण स्नायूबंधाच्या (स्नायू हाडाला जोडणारी दोरी, टेंडन) आवरणाची सूजही आवर्जून बघायला सांगा, मूठ न वळण्याचं कारण बरेचदा तिथं असतं. सांध्यांची सोनोग्राफी करणाऱ्याकडेच जा, प्रोब (हातावर फिरवतात ते यंत्र) दाबून धरला तर बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि सूज असून रंग येत नाही.

हाताचा जोर मात्र सोनोग्राफीत कळत नाही, तो वेगळा मोजावा लागतो. काट्याचं बीपी मशीन असेल तर पट्टा दंडाला न बांधता त्याची गुंडाळी करा, काटा २० वर येईपर्यंत हवा भरा, काकूंना ती गुंडाळी मुठीत आवळायला सांगा, काटा कुठवर गेला ते लिहा, सकाळी एकदा, दुपारी एकदा. हा कागद रिपोर्टसोबत डॉक्टरांना दाखवा. मेथोट्रेक्सेट मनानं बंद करू नका. दुखण्याच्या गोळीनं सूज कमी दिसू शकते, म्हणून तपासणीआधी ती घ्यायची का हे त्यांनाच विचारा.

धागाकर्ता:
ताई, खूप आभार. उपकेंद्रात काट्याचं मशीन आहे, उद्या सिस्टरला विचारतो. गोळीचं वाचून एकदम आठवलं, मागच्या वेळी एसटीत त्रास नको म्हणून आईनं निघताना दुखण्याची गोळी घेतली होती आणि डॉक्टरांसमोर मूठ चांगली वळली. हे त्यांना सांगितलंच नव्हतं. आजच फोन करतो.