नॉमिनीत दिरांचं नाव, मग घर कुणाचं?

ए-203 (काकू): सेक्रेटरीभाऊ, काल तुम्ही ऑफिसात फाइल काढून दाखवलीत तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. हे तर गेले, आणि ह्यांनी 1994 साली नॉमिनेशन (आपल्यामागे फ्लॅट कुणाच्या नावे नोंदवायचा तो फॉर्म) भरलं, त्यात धाकट्या भावजींचं नाव. निळ्या शाईतलं ह्यांचंच अक्षर. आता घर भावजींचं झालं का? ग्रुपवरच विचारते, इतरांच्याही कामाला येईल.

बी-104: काकू, नॉमिनी असेल त्याच्याच नावावर होतं. सुप्रीम कोर्टाचाच निकाल आहे.

सी-402 (वकीलताई): काकू, आधी निवांत झोपा. नॉमिनी झाल्यामुळे घर भावजींचं होत नाही. दादा, तुम्ही म्हणताय तो 2016 चा इंद्राणी वाही खटला. सोसायटीने नॉमिनीच्या नावे नोंद करावी एवढंच त्यात आहे. मालकी कुणाची, हे वारसांनी कोर्टातून ठरवून घ्यायची वाट न्यायालयाने मोकळी ठेवली आहे. आणि आपल्या सहकार कायद्यात 2019 पासून कलम 154ब-13 आहे. त्यानुसार खरे वारस सभासद होईपर्यंत नॉमिनी हा फक्त तात्पुरता सभासद. घर सांभाळायला दिलेली किल्ली समजा.

ए-203: मग घर माझंच ना?

सी-402: एकटीचं नाही, काकू. फ्लॅट काकांनी स्वतःच्या कमाईतून घेतला आणि मृत्युपत्र केलं नाही. अशा वेळी 1956 चा हिंदू वारसा कायदा लागतो. पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे तुम्ही, मुलगा, मुलगी आणि काकांच्या आई. चौघांना सारखा पाव हिस्सा. हे चौघे असताना भावाला वारस म्हणून काही मिळत नाही.

डी-301: मुलीचं लग्न 2001 मध्ये झालं. 2005 चा कायदा तिला लागू होईल का?

सी-402: इथे 2005 चा प्रश्नच येत नाही. ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या मुलींच्या जन्मसिद्ध हक्काची. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी 1956 पासूनच मुलाच्या बरोबरीने वारस आहे, लग्न झालेलं असो वा नसो. "लग्नात दिलं की" म्हणून तिला वगळतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

ए-203: मुलं म्हणतात, आई, सगळं तुझ्या नावावर कर, आम्हाला काही नको.

सी-402: मुलं चांगली आहेत, पण तोंडी बोलण्यावर हिस्सा सुटत नाही. रजिस्टर्ड हक्कसोडपत्र करा. नुसता नोटरीचा शिक्का चालणार नाही. आणि काकू, एक विनंती. सासूबाई गावी असतात ना? लेकाच्या घरात त्यांचाही हक्क आहे. कागदावर नुसता अंगठा घेऊ नका. मजकूर वाचून दाखवा, हिस्सा सोडायचा की ठेवायचा ते त्यांना ठरवू द्या.

सेक्रेटरी (ए-101): भावजींशी आजच बोललो. "वहिनींच्या घरावर माझा दावा नाही" म्हणाले, लेखी द्यायलाही तयार आहेत. हक्कसोडपत्र झालं की काकूंच्या नावाने ट्रान्सफरचा ठराव कमिटीपुढे ठेवतो. बाकीच्यांसाठी: फाइली चाळल्या, कित्येक नॉमिनेशनवर हयात नसलेल्या आईवडिलांची नावं आहेत. नवे फॉर्म ऑफिसात ठेवलेत, तीन प्रती भरून द्या.

बी-104: ताई, मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागतो का?

सी-402: नाही. साध्या कागदावर चालतं, रजिस्ट्रेशनही सक्तीचं नाही, तरी केलेलं बरं. दोन साक्षीदारांसमोर सही करा, त्यांनीही तुमच्यासमोर सही करायची. ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असेच साक्षीदार घ्या. नॉमिनेशन भरलं म्हणून मृत्युपत्र टाळू नका, दोन्ही वेगळी कामं आहेत.

ए-203: सासूबाईंना आता फोन केला. ह्या घराबद्दल त्यांना आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. रविवारी मुलांना घेऊन गावी जाते, त्यांच्यासमोरच बोलू.