मदत हवी आहे: इटलीतला दंड जर्मनीपर्यंत मागे येतो का?

नमस्कार मंडळी. आम्ही जर्मनीत राहतो. गेल्या उन्हाळ्यात टस्कनीत भाड्याची गाडी घेतली होती. करार माझ्या नावावर, चालवायला दीर. त्याचंही नाव करारात आहे. परतल्यावर गाडीवाल्यांनी माझ्या कार्डावरून चाळीसेक युरो कापले. हे म्हणाले, झालं, दंड भरला गेला. आता इतक्या महिन्यांनी तिथल्या नगर पोलिसांचं रजिस्टर्ड पत्र आलंय: झेडटीएलमध्ये, म्हणजे परवान्याविना गाडी न्यायला मनाई असलेल्या शहरातल्या भागात, शिरल्याचा दंड. गाडीचा नंबर, रस्त्याचं नाव, वेळ, सगळं छापलेलं.

एकाच गोष्टीचे दोनदा पैसे कसे? ऑफिसातले एक गृहस्थ म्हणतात, फाडून टाका, इटलीवाले कुठे येतायत वसुलीला. आणि दिराचं लायसन्स ब्रिटनचं आहे, त्यावर दंडाचे पॉइंट लागतील का?

प्रतिसाद

ताई, कार्डावरून गेले तो दंड नव्हेच. पोलिसांनी 'गाडी कोणाकडे होती' विचारलं आणि कंपनीने तुमचं नाव-पत्ता कळवला, त्याची ती हमाली. करारातल्या बारीक अक्षरांत असते. खरा दंड हा आत्ताचा.

उशिराचं म्हणाल तर परदेशी राहणाऱ्याला नोटीस पाठवायला इटलीच्या कायद्यात ३६० दिवस आहेत. भाड्याच्या गाडीत ते दिवस चालकाचा पत्ता लागल्यापासून मोजतात, त्यामुळे वर्ष उलटूनही पत्र येऊ शकतं. दीर चालवत होता म्हणून तुम्ही सुटत नाही, गाडी भाड्याने घेणारा चालकाबरोबरीने जबाबदार धरला जातो.

त्या गृहस्थांचं ऐकू नका. युरोपीय संघात एका देशाचा दंड दुसऱ्या देशाने वसूल करायचा, असा २००५चा निर्णय आहे. जर्मनीत हे काम बॉनचं बुंडेसआम्ट फ्युअर युस्टिझ (केंद्राचं न्याय कार्यालय) करतं, २०१०च्या ऑक्टोबरपासून. अट एवढीच की रक्कम खर्चासकट किमान ७० युरो हवी. झेडटीएलचा दंडच ८० च्या वर असतो, वर टपाल आणि प्रशासनाचा खर्च. म्हणजे तुम्ही बसताच त्यात. गंमत म्हणजे वसूल झालेला पैसा सहसा वसूल करणाऱ्या देशाकडेच राहतो. इटलीला त्यातून काही मिळत नाही, म्हणून सगळ्याच फायली बॉनला जात नाहीत. पण त्या भरवशावर राहायचं कशाला? ६० दिवसांत भरला नाही तर तिकडे आकडा दुपटीच्या आसपास जातो, आणि पुढे कधी इटलीत पोलिसांनी अडवलं तर थकबाकी निघेल ती वेगळीच.

पॉइंटचं सोडून द्या. झेडटीएलला इटलीतही पॉइंट नाहीत. एरवीही पैसे हद्द ओलांडतात, पॉइंट सहसा नाही. इटलीतल्या गुन्ह्याचे फ्लेन्सबुर्गला, म्हणजे जर्मनीच्या पॉइंटांच्या नोंदवहीत, लागत नाहीत, ब्रिटनच्या लायसन्सवरही नाहीत. मात्र इटली परदेशी लायसन्सवाल्यांचा स्वतःचा हिशोब ठेवते. वर्षात २० पॉइंट गेले तर दोन वर्षं इटलीत गाडी चालवायला बंदी, लायसन्स कुठलंही असो.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, फक्त ७० ची अट सगळीकडे धरू नका. ऑस्ट्रिया आणि जर्मनीचा जुना आपसातला करार आहे, तिथे २५ युरोपासूनच वसुली होते. आणि 'स्वित्झर्लंड संघात नाही, तिथला दंड विसरा' हे १ मे २०२४ पासून जुनं झालं. ८० फ्रँक किंवा ७० युरोच्या वरचे दंड आता दोन्ही बाजूंनी वसूल होतात.

पॉइंटचा उलटा प्रकार बघायचा तर अमेरिकेतलं न्यूयॉर्क आणि कॅनडातलं ऑन्टारियो. तिथे वेगाचं चलन हद्दीपलीकडे झालं तरी पॉइंट घरच्या रेकॉर्डवर चढतात. देश दोन, वही एकच.

धागाकर्ती

मनापासून आभार! हे अजून म्हणतायत की अपील करू, पाटी दिसलीच नाही म्हणून.

प्रतिसाद

करता येईल, प्रेफेट्टोकडे (प्रांतातला सरकारी अधिकारी) ६० दिवसांत. पण पाटी जागेवर असेल तर 'दिसली नाही' ला तिथे फार कोणी विचारत नाही, आणि अपील फेटाळलं तर किमान दंडाच्या निदान दुप्पट भरावं लागतं. पाटी झाडाने झाकली होती असा फोटो असेल तरच त्या भानगडीत पडा. एकदा पैसे भरले की अपीलही संपलं, तेव्हा आधी ठरवा.

भरणार असाल तर घाई करा. नोटीस हातात पडल्यापासून पाच दिवसांत भरलं तर दंडात ३० टक्के सूट आहे, खर्चाच्या रकमेत नाही. पत्रावर दोन आकडे छापलेले असतील, त्यातला लहान तो. आणि खातं पत्रातल्या लिंकवरून नको, नगरपालिकेचं संकेतस्थळ स्वतः शोधून तिथे नोटीस क्रमांक टाकून ताडा. पत्र नेमकं कधी आलं?