मदत हवी आहे: नवे पॅड टाकले तरी बाईकचा पुढचा डिस्क ब्रेक किंचाळतोय

पातलीपाडा
डोकं उठलंय. ब्रेक लावला की चींऽऽऽ. कापूरबावडीच्या सिग्नलला थांबताना रिक्षावाले वळून बघतात. पॅड बदलून ८ दिवस झाले, फरक शून्य. मेकॅनिक म्हणतो, "चालवत राहा, बसेल आपोआप." काय करू? रोज वागळे इस्टेटला जायचं असतं, लवकर सांगा.

नटबोल्ट
गाडी कुठली, कितवं मॉडेल, किती किमी झाली? मागे डिस्क आहे की ड्रम? आवाज वेगात असताना येतो की थांबता थांबता? पकड कमी झालीय का? एवढंही माहीत नसेल तर फोनवर नाडी बघितल्यासारखं होईल.

पातलीपाडा
१५० सीसी. कंपनीचं नाव घेत नाही, लगेच इथे दोन पार्ट्या पडतात. २०१७ ची, मागे ड्रम. थांबता थांबता जास्त येतो.

खारघरकर
सिंटर्ड पॅड टाका, विषय संपला. मी दोन वर्षं तेच वापरतोय. पावसात काय पकड आहे!

नटबोल्ट
त्यात धातूची पूड असते. ओल्यात चांगले धरतात हे मान्य, पण आवाज साध्या पॅडपेक्षा त्यांचाच जास्त. शिवाय सगळ्याच डिस्कना ते मानवत नाहीत, प्लेट लवकर झिजते. भाऊ आवाज घालवायला आलेत, वाढवायला नाही.

खारघरकर
माझे नाही करत आवाज.

ऐरोली पूल
ग्रीस लावा. साडूच्या गाडीला हेच झालं होतं, ग्रीस लावलं आणि गप्प.

नटबोल्ट
कुठे लावायचं ते लिहा की राव! हे वाचून कोणी डिस्कला ग्रीस फासलं तर आवाज जाईल, सोबत ब्रेकही जाईल.

ऐरोली पूल
पॅडच्या मागच्या पत्र्याला म्हणायचं होतं, पॅडला दाबणारा पिस्टन टेकतो तिथे. घाईत लिहिलं. तेही अगदी बोटाच्या टोकाएवढं. आणि ब्रेक ऑइल पण बदला, डॉट ४ ग्रेडचं टाका.

नटबोल्ट
ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं, ते बरोबर. पण जुन्या ऑइलने लिव्हर मऊ लागतो, चीं होत नाही. आणि डॉट ३ की ४ हे ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, आपल्या मनावर नसतं.

ड्रमवाला
म्हणून सांगतो, ड्रमसारखं सुख नाही. माझ्या जुन्या स्कूटरने आयुष्यात कधी चीं केलं नाही. आता १२५ सीसीच्या वर एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारं) सक्तीचं, म्हणजे डिस्क आलीच. २०१९ पासून हा ताप.

कळव्याची मावशी
तुमच्या स्कूटरने चीं केलं नसेल, थांबली तरी होती का? पारसिकच्या उतारावर ड्रम घेऊन या एकदा, मग बोलू.

ड्रमवाला
मावशी, २२ वर्षं ठाणे-बेलापूर रोडने कामाला गेलो. कंपन्या होत्या तेव्हा तिथे, आता नुसत्या काचेच्या इमारती.

पातलीपाडा
अहो माझं काय? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून हे चालू आहे. आधी तीनच आठवडे सर्व्हिसिंग केलेली. पकड म्हणाल तर हो, थोडं जोरात दाबावं लागतं.

कळव्याची मावशी
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून! हे पहिल्या ओळीत नको का लिहायला? पूजेला गाडी कशाने पुसलीत?

पातलीपाडा
धुतली, मग पुसली. नेहमीसारखीच.

कळव्याची मावशी
कशाने पुसली?

पातलीपाडा
डॅशबोर्डवर मारतात तो पॉलिशचा स्प्रे. चाकांना पण मारला, टायर मस्त काळे दिसतात. त्याचा काय संबंध?

नटबोल्ट
🙏 मावशी, मानलं तुम्हाला.
त्या स्प्रेत सिलिकॉन असतं. टायरवर मारताना डिस्कवर उडालं, तिथून पॅडमध्ये मुरलं. नवे पॅड टाकताना प्लेट साफ केली नसणार, म्हणजे तेही बाटले. टायरच्या मधल्या पट्ट्यावर मारलं असेल तर देवाची कृपा म्हणा, वळणावर आडवे झाला नाहीत.
आता एक सांगा, काढलेले जुने पॅड ठेवलेत का? दोन्ही सारखे झिजले होते?

पातलीपाडा
डिकीत पिशवीत आहेत. बघून सांगतो.

ऐरोली पूल
तोवर विचारतो, घोडबंदरला गायमुखच्या चढावर रस्ता आता कसा आहे? रविवारी वसईला जायचंय.

ड्रमवाला
सहाच्या आधी निघा. त्यानंतर निघालात तर वसईला सोमवारी.

पातलीपाडा
बघितले. एक पार संपलाय, पत्रा दिसायला आला होता. दुसरा अर्ध्याहून जास्त शिल्लक. म्हणजे काय?

नटबोल्ट
म्हणजे पॉलिश हे अर्धंच दुखणं. तुमच्या कॅलिपरला, म्हणजे डिस्कला पॅडने दोन्हीकडून धरणाऱ्या चिमट्याला, पिस्टन एकाच बाजूला. तो आपल्या बाजूचा पॅड दाबतो, मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून पलीकडचा पॅड ओढून घेतो. पिना सुकल्या की कॅलिपर सरकत नाही, पिस्टनकडचा पॅड एकटा राबतो. शिवाय तो नीट मागे हटत नाही, घासत राहतो.
रविवारी मेकॅनिककडे उभं राहून करून घ्या. कॅलिपर उतरवा, पिना काढा, जुनं ग्रीस पुसा. नवं लावायचं ते ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, बेअरिंगचं पिवळं ग्रीस नाही, त्याने पिनांवरचे रबरी बूट (टोप्या) फुगतात. पॅडची पत्र्याची स्प्रिंग जागेवर आहे ना बघा, घाईत ती विसरतात आणि मग पॅड खुळखुळतात. प्लेट ब्रेक क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. पेट्रोल, रॉकेल नको. पिस्टन मागे ढकलताना टाकीतलं ऑइल वर येतं, रंगावर सांडू देऊ नका.
आणि पॅड परत नवे. मुरलेले पॅड पॉलिश पेपरने घासून चार दिवस गप्प बसतात, पण ब्रेकच्या बाबतीत मी तो जुगार खेळत नाही.

खारघरकर
घेतच आहात तर सिंटर्ड घ्या.

पातलीपाडा
परत पॅडचे पैसे?? मी घासूनच बघणार होतो.

कळव्याची मावशी
घोडबंदरला डंपरच्या मागे चालवता ना? मग घ्या नवे, गुपचूप.

पातलीपाडा (रविवार, दुपारी)
करून आलो. वरची पिन हाताने निघाली, खालची निघेना. हातोडीने ठोकून काढली तर ग्रीसच्या जागी तपकिरी खरवड, वाळलेल्या चिंचेसारखी. बूट फाटलेला होता, पावसाचं पाणी तिथूनच गेलं असणार. नवीन बूट टाकला. प्लेट पुसताना चार फडकी गेली, पहिलं तर चक्क बुळबुळीत. मेकॅनिक म्हणाला, "पॉलिश मारलं हे आधी सांगायचं ना साहेब." गप्प बसलो.
निघायच्या आधी लिव्हर दाबला तर सरळ हँडलला टेकला, पोटात गोळा आला. त्याने पाच-सहा वेळा पंप केला तेव्हा घट्ट लागला.
आवाज गेला. पण पकड अजून कमी वाटते, हे चालेल ना?

नटबोल्ट
नवे पॅड प्लेटवर बसेपर्यंत तसंच. मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगावरून दहापर्यंत हळू दाबत आणा, न थांबता, असं दहा-बारा वेळा. मध्ये थोडं चालू द्या म्हणजे डिस्क गार होईल. पहिले दोन-तीनशे किमी पुढच्या गाडीपासून लांब राहा. सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला खर्र आलं तर घाबरू नका, रात्रीच्या दमटाने प्लेटवर गंज चढतो, तो लगेच उतरतो.

पातलीपाडा
धन्यवाद नटबोल्ट, मावशी. ठाण्यात भेटलात तर मामलेदारची मिसळ माझ्याकडून.

ड्रमवाला
मिसळीला मी पण येतो. स्कूटरवर.

खारघरकर
ते पॉलिश कुठलं होतं? टायरवर चमक किती दिवस टिकली?