किनाऱ्याजवळच्या पाण्यासाठी कुठली उपग्रहचित्रं वापरू?

खाडीकाठ
खाडीच्या मुखाजवळच्या छोट्या पट्ट्यात पाण्याचं तापमान, गढूळपणा आणि शेवाळाची वाढ यांवर वर्षभर नजर ठेवायची आहे. सध्या मोडिसचे (नासाच्या उपग्रहांवरचं उपकरण) क्लोरोफिलचे, म्हणजे शेवाळातल्या हरितद्रव्याचे, तयार नकाशे उतरवून घेतो. मोठा पाऊस झाला की नकाशात मुखाशी लालभडक, म्हणजे भरपूर क्लोरोफिल, दिसतं. एवढं शेवाळ खरंच असतं? प्रोग्रामिंग जेमतेम येतं. जाणकारांनी सांगावं.

दीपस्तंभ
शेवाळ कसलं, बहुतेक गाळ असणार. हे क्लोरोफिल मुख्यतः निळ्या-हिरव्या प्रकाशाच्या गुणोत्तरावरून काढतात. खोल समुद्रात ते चालून जातं. मुखाशी गाळ, कुजक्या पाल्याचा पिवळसर अर्क, उथळ जागी तर तळसुद्धा त्याच हिशोबात घुसतो. असाच लाल डाग बघून मी एकदा होडी काढली होती. बाटलीत भरून आणलेलं पाणी संध्याकाळपर्यंत वर नितळ आणि खाली बोटभर चिखल!

त्यात मोडिसच्या चित्रातला एकेक चौकोन १ किमीचा, म्हणजे तुमच्या खाडीत निम्मी जमीनच यायची. गढूळपणाला युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं घ्या: चौकोन १० मीटरचा, दोन उपग्रह मिळून ५ दिवसांनी फेरी. शेवाळाला सेंटिनेल-३: ३०० मीटर, पण जवळजवळ रोज, आणि ६८१ व ७०९ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरींचे पट्टे आहेत, ते गाळात कमी फसतात. दोन्ही फुकट.

खाडीकाठ
आणि तापमान? ढग असले की काय करायचं?

ओलीवाळू
तापमानाला अमेरिकेचे उपग्रह लँडसॅट ८ आणि ९. उष्णता टिपणारा औष्णिक पट्टा १०० मीटरचा, दोघांचं मिळून ८ दिवसांनी एक चित्र. मोजतात मात्र पाण्याची वरची साय, खालचं नाही. ढगांमुळे पडलेलं एकही भोक नसलेले गुळगुळीत तापमान-नकाशे दिसले तर सावध राहा, मधल्या जागा गणिताने भरलेल्या असतात. सेंटिनेल-१ चं रडार ढगांतून बघतं, तेलाचा तवंग पकडतं, पण त्याला रंग कळत नाही.

उपग्रहाला किनाऱ्यावर दिसणाऱ्या प्रकाशात बहुतांश वाटा हवेचा असतो. तो वजा केल्याशिवाय आकडे काढू नका. अ‍ॅकोलाइट हे सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे, प्रोग्रामिंग लागत नाही.

दीपस्तंभ
एक राहिलंच. सेंटिनेल-२ दरवेळी सकाळी साडेदहाच्या आसपासच येतो, भरती मात्र रोज पुढे सरकते. एक चित्र भरतीचं, पुढचं ओहोटीचं, आणि आपण म्हणतो गढूळपणा वाढला!

खाडीकाठ
हे डोक्यातच आलं नव्हतं. भरतीचं कोष्टक घेऊन जुनी चित्रं पुन्हा लावतो.