डबाभर दाण्याचं कूट

या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय की परदेशात सॅलडवर घालायला आपल्याकडचं असं काही नाहीच. हे मला अजिबात पटत नाही. दाण्याचं कूट, लिंबू, किंचित साखर आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी, हे आपलं ड्रेसिंगच आहे की!

मी जर्मनीत ड्युसेलडॉर्फमध्ये राहते. इथली लांबलचक काकडी फार पाणचट असते. चोचवली, मीठ लावून दहा मिनिटं ठेवली आणि घट्ट पिळली, की मगच खमंग काकडीला चव येते. कूट अगदी जेवायला बसताना घालायचं, नाहीतर लगदा होतो. भाजलेल्या दाण्यांचं कूट मी फ्रीझरमध्ये ठेवते, म्हणजे खवट होत नाही.

दुसरं म्हणजे मेतकूट. घट्ट दह्यात दोन चमचे कालवायचं, कच्चा कांदा आणि फोडणी घालायची. गाजर, कोबी, लेट्यूस, कशाबरोबरही छान लागतं.

या गावात जपानी लोक खूप आहेत. माझी जपानी मैत्रीण क्यूपी या जपानी मेयोनीजशिवाय जेवत नाही. ते 1925पासून मिळतंय आणि त्यात अंड्याचा फक्त पिवळा बलक असतो, म्हणून ते दाट लागतं. मागच्या महिन्यात तिने माझ्याकडची जवसाची चटणी त्यात कालवली आणि उकडलेल्या बटाट्यांवर घातली. मी दोनदा वाढून घेतलं. आता आईला चटणी जास्त द्यायला सांगितलंय.

ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनी व्हेजिमाइटबद्दल (तिथे पावाला लावतात ते यीस्टचं खारट, काळपट चाटण) लिहा ना. भाकरीला लावून कुणी खाल्लंय का?